वाकण

सरळ झाडाला येसबा सुतार हात लावत नसे.
सरळ झाड आंधळ्यालाही सापडतं, म्हणायचा,
ते वाशाला न्या, तुळईला न्या.
मला वाकडं दाखवा.

माघात खालून, दाभोळच्या अंगाने, कांब यायची:
बोटभर रुंद बांबू, शेकून वाकवलेला,
दोन्ही टोकं सुतळीने ताणून बांधलेली.
एक कांब म्हणजे गलबताची एक बरगडी.
पोटाजवळची ऐसपैस, नाळेकडची आवळलेली.
सुतळीला पाच गाठी, म्हणजे पाचवा वांक.
गाठीत चिंधी असली तर डावा.
कागद कधी आला नाही.
आला असता तर येसबाने त्यात तंबाखू बांधली असती.

कांब खांद्याला अडकवून
तो सोळशीचं खोरं आठ आठ दिवस पालथं घाली.
फांदी खोडातून फुटते त्या बेचक्याला
कांब टेकवायची, एक डोळा मिटायचा.
लाकडाची शीर वाकणातून अखंड गेली पाहिजे.
सरळ ओंडका करवतीने वाकडा कापणं
म्हणजे खोटी साक्ष,
पहिल्या लाटेला उलटते.

एकदाच तो स्वतः खाली उतरला.
हातलोटच्या घाटाने, बैलांच्या शेपट्या धरून,
मग जगबुडीच्या काठाकाठाने, होडीत ओंडक्यांवर बसून.
खाडीच्या चिखलात गलबत उभं होतं,
पठाण घातलेलं, वांक चढवलेले, फळ्या अजून नाहीत.
येसबा बघत राहिला.
हा निवळीचा फणस. हा कड्याखालचा ऐन,
याच्यावर मधमाश्या होत्या.
आपलंच रान, कुणीतरी दोन ओळींत उभं केलेलं.

दाऊद मिस्त्रीने त्याला गेरू दाखवला.
बसलेल्या फळीच्या काठाला गेरू फासायचा,
वर दुसरी फळी दाबायची, उचलायची.
जिथे लाल उमटलं नाही तिथून समुद्र आत येणार.
तासायचं, पुन्हा दाबायचं.
एका फळीला अख्खा दिवस.
मग खाचेत जीभ बसे, मध्ये तेलातला कापूस,
आणि सुरीचं पातंही शिरत नसे.

दर्या बघतोस का, मिस्त्री म्हणाला, अजून दोन कोस.
येसबाने विचारलं, तिथे झाडं आहेत?
आणि परत फिरला.

हे मला आजोबांनी सांगितलं.
आजोबा थोडं वाढवून सांगत.
पण पुढचं मी स्वतः पाहिलंय.

परतल्यावर येसबाने नदीकाठचा एक कोवळा ऐन निवडला,
शेंड्याला दोर, दोराला जात्याची फुटकी तळी.
दर पावसाळ्याआधी दोर एक वीत आवळायचा.
नातवाच्या हयातीत नाळेजवळचा वांक तयार होईल,
असा वांक रानात आपोआप मिळत नाही.
झाड वाकलं. कबूल केल्यासारखं वाकलं.
तोवर आगबोटी आल्या.
कांब यायची थांबली, कुणी सांगायलाही आलं नाही.

मग कोयनेला धरण झालं.
पाणी उंबऱ्याशी आलं, आढ्याशी आलं,
आम्ही तापोळ्याला वर चढलो.
झाड तिथेच राहिलं.

मी आता फायबरच्या होड्या करतो.
साच्याला मेण, वर जाळी, जाळीवर रसायन,
चार दिवसांत पोट तयार, आत एकही बरगडी नाही.
पर्यटक सेल्फी काढतात, होडी डुलते, सगळे ओरडतात.

मे महिन्यात पाणी उतरलं
की बामणोलीच्या बाजूला ते वाकण वर येतं,
काळं, साल गेलेलं, शीर अखंड.
गेल्या वर्षी माझ्या होडीचा तळ त्याच्यावर घासला.
वीतभर चीर. अर्ध्या तासात बुजवली.

तेव्हापासून तिथे मी पिवळा कॅन बांधलाय, खुणेला.
वाऱ्याने तो ओढला जातो, दोर ताणतो.
करवत घेऊन ये आणि काप एकदाचं, बायको म्हणते.

परवा गेलो. करवत नेली होती.
होडी बंद करून एक डोळा मिटला,
आणि दोर वीतभर आवळून परत आलो.