चव्वेचाळीस नंबर

ल्यूटन, गेट एकवीस. सुचावाचं विमान.
लोखंडी चौकटीत बॅग बसत नाही म्हणजे नाही.
व्हियोरिका गुडघ्यानं रेटते,
मागची रांग उसासे टाकते.

"साठ पौंड," मी म्हणते.
दिवसातून चाळीसदा म्हणते, झोपेतही म्हणत असेन.

ती खाली बसते. चेन उघडते.
एक स्वेटर अंगावर, त्यावर दुसरा,
कोटाच्या खिशांत चहाची खोकी,
आणि तळातून निघतो बुटांचा जोड,
नवाकोरा, पुरुषाचा.
"बाबांचे," ती सांगते. मी विचारलंही नव्हतं.
स्वतःचे कापडी बूट पिळून बॅगेत कोंबते,
पाय त्या दोन होड्यांत सोडते, नाड्या आवळते.

बॅग चौकटीत उतरते.

मग फलक बदलतो: तीन तास उशीर.
सगळे माझ्याकडे बघतात, जणू धुकं मीच सोडलंय.
ती भिंतीशी बसून राहते,
घामेजलेली, फुगलेली,
बूट काही काढत नाही.
सीट मधली, सत्तावीस ई.
तिथंही वाकायला जागा नसेलच.

पहाटे, बर्फाच्या अंगणात,
म्हातारा त्यात पाय घालेल
आणि विचारेल,
तिकडे बूट असे गरमच विकतात का गं?