चौथा कोपरा

जेवणं आटपली की टेबलावर नकाशा पसरतो.
एका कोपऱ्यावर वर्कशॉपचा मायक्रोमीटर,
दुसऱ्यावर मिठाची बरणी,
तिसऱ्यावर आप्पांचा चष्मा.
चौथा कोपरा पंख्याखाली फडफडत राहतो.

ग्रीस म्हटलं की आमच्या घरात
आधी बेअरिंगचं वंगण आठवतं.
यंदा पहिल्यांदा देश आठवला.

एकोणीस वर्षं उद्यमनगरातल्या शेडमध्ये
पंपाचे ओतीव भाग खोक्यांत भरून
वर स्टेन्सिलनं मी लिहीत आलोय: मेर्सिन.
त्या गावात झाडं कसली,
दुपारी दुकानं मिटतात का,
कधी विचारलं नाही.
पैसे वेळेवर यायचे.

सुरम्यानं पेन्सिलीनं रेघ ओढली.
अथेन्स, रोड्स, अंतल्या, मेर्सिन,
मग खाली वळून लताकिया, बैरूत, हैफा,
थेट पोर्ट सईदपर्यंत.
एवढी सलग, जशी आपली
कागल, निपाणी, संकेश्वर.
सहा-सात देश, बावीस दिवस,
आणि सगळीकडं डाव्या नाहीतर उजव्या हाताला पाणी.

शाहूपुरीतल्या कुरण्यांकडं खोडरबर होता.
इथं जहाज नाही. इथला शिक्का पासपोर्टवर दिसला
तर तिथल्या दारातून परत.
ह्या बेटाच्या पोटातून तार गेलीय,
वरनं शिरला तर खालचे घेत नाहीत.
आणि हा तुकडा,
ह्याचं यंदा काढूच नका.
त्यांनी फुंकर मारून रबराचा भुगा उडवला.
नकाशा तिथं एवढा पातळ झालाय
की खालचं टेबल दिसतं.

"समुद्र एकच न्हवं?" आप्पा म्हणाले.
एकच.
"मग?"
कुणी बोललं नाही.
थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच आठवलं:
आत्याच्या लेकीचं लग्न, गाव निपाणीपलीकडं,
दोन्हीकडं दगडफेक झालेली,
एसटी कोगनोळी नाक्यावरच थांबली.
रुखवताची डालगी डोक्यावर घेऊन
वऱ्हाड चालत हद्दीपलीकडं गेलं.
"पलीकडं बी तंबाखूच हुता," ते म्हणाले,
आणि चष्मा उचलला.
नकाशाचा आणखी एक कोपरा सुटला.

पद्मजाच्या वहीत रकाने आहेत:
विमान, व्हिसा, फेरी, औषधं,
आप्पांच्या गुडघ्यासाठी जिना नसलेली खोली.
प्रत्येक रात्री एक देश बाद होतो
आणि बेरीज मात्र तेवढीच राहते.

आई नकाशाकडं बघत नाही.
तिचे दोनच प्रश्न:
चातुर्मास लागायच्या आत परत येतोय ना,
आणि तिकडं दिवस कधी मावळतो?
सुरम्यानं मोबाइलवर बघितलं.
जूनमध्ये, आजी, साधारण सव्वाआठ.
आईनं बोटं मोजली. इथं सात-दहा.
लग्न होऊन या घरी आल्यापासून
एक डोळा खिडकीवर ठेवून जेवलेली बाई
म्हणाली, "म्हणजे तासभर जास्त.
सावकाश जेवता येईल की."
दुसऱ्या दिवशी तिनं मलमल आणली
आणि पाणी गाळायची चार फडकी शिवून ठेवली.
ह्या सगळ्या बेतात
पुरी झालेली ती एकच गोष्ट.

आता दोन देश उरलेत.
मेर्सिनवर सगळ्यांनीच काट मारली.
बघायला काय आहे? बंदर. क्रेन. गोदामं.
मी पण म्हटलं, खरंच, काय आहे?
सोमवारी सत्तावीस खोकी भरली.
रंग ओला असताना जरा मागं सरून
अक्षरं सरळ आलीत का बघितलं.
पोरं हसली. साहेब, आज काय विशेष?

रात्री वही उघडी होती.
चौदाव्या दिवसापुढं
कित्येक दिवस काहीच नव्हतं.
तिथं पद्मजाच्या बारीक अक्षरात,
खर्चाचा आकडा न घालता,
एवढंच:
खोकी उतरतात ते गाव.