ओळ परत येते

टचपॅडात हळद गेली त्याला दोन हंगाम झाले.
बोट कितीही फिरवा, बाण जागचा हलत नाही,
पाण्यापाशी अडलेल्या गोऱ्ह्यासारखा.
आडतीत कुणाला त्याचं नवल नाही. इथं सगळंच पिवळं:
काटा, पट्ट्या, माझ्या बाह्या, एन्टरचं बटण.

बशारत म्हणाला होता, माऊस कामून पाहिजे?
एकाच खिडकीत सगळं मांडून देतो.
आणि मांडलं त्यानं.
काळ्यावर पांढरी अक्षरं.
त्यातच तोलाई, हमाली, शेतकऱ्याचं नाव, गाव,
त्यातच सांगलीच्या व्यापाऱ्याला लिहिलेलं तगाद्याचं पत्र,
आणि हैदराबादची गाडी धरायच्या आदल्या रात्री
त्यानं वसमतची हवासुद्धा ओळींत बसवली.

दोन बटणं एकदम दाबली की खाली उघडते:

डॉ. सोनटक्के वरचा मजला, बासष्ट, कुलूप
शिवलीला झेरॉक्स, एकाहत्तर, कुलूप
मागू नका मिळणार नाही, चव्वेचाळीस, कुलूप
हमाल भवन, अडतीस, ओळखीचं
आणि एक बिननावाचं, नऊ.
ते कुणाचं, हे मोंढ्यात कुणालाच ठाऊक नाही.

जोडायला ज. तोडायला त.
विसरायला व.
कीर्दीतून खतावणीत जावं
तसा मी एका घरातून दुसऱ्या घरात डोकावतो,
चपला न काढता.

मधे पोत्यांची थप्पी लागली
की अडतीसचे एकोणीस होतात.
बसल्या जागी कळतं, बाहेर किती माल उतरला.
दुपारी तीनला आकडा परत चढू लागतो:
ट्रक भरला, गडी चहाला गेले.

मंगळवारी सौदे ऐन भरात,
चुकीची पट्टी खोडायला गेलो
आणि बोट पडलं दुसऱ्याच यादीत.
व.
हमाल भवन गेलं.

घाबरलो नाही. या खिडकीत काहीच कायमचं जात नाही,
हे बशारतनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
मागे फिरायचं बटण दाबलं.
ओळ परत आली, जशीच्या तशी, अडतीससकट.
नुसती ओळ.
जोडायला गेलो तर म्हणाली, पासवर्ड.

मग पायात चपला घातल्या.

गुणाजी पोत्यावर बसून खांदा चोळत होते.
‘हळद लिव्हा,’ म्हणाले, ‘अन् फुडं त्या दिसाचा भाव.’
कोणत्या दिवसाचा?
‘डबा बसवला त्या दिसाचा. लई भाव व्हता.
धा-बारा जण व्हतो आम्ही, आकडा कुनाच्याच ध्यानात नाई.
फोनच्या ध्यानात हाय, पर तो सांगत नाई.’

परत आलो. त्याच खिडकीत जुना हिशेब उघडला.
‘हमाल भवन डबा’ शोधलं. सापडला:
आमच्याच आडतीनं दिलेली वर्गणी, पाचशे एक, चैत्रातली.
आणि तिच्यावरच्याच ओळीत त्या दिवसाचा सौदा:
सोळा हजार चारशे.

आज नऊला गेली.
भाव उतरला, पासवर्ड कुणी उतरवला नाही.
मी आकडा टाइप केला, पडद्यावर नुसते ठिपके पडले,
आणि अडकलेल्या एकोणतीस पट्ट्या
एका दमात निघून गेल्या.

रात्री आडत बंद झाल्यावर बशारतची फाईल काढली.
मला त्यातलं फारसं कळत नाही, कंस तर मोजूनही चुकतात.
पण विसरायच्या त्या तुकड्यावर, दोन अर्धविरामांपुढं,
त्यानं स्वतःलाच लिहून ठेवलं होतं:
‘विसरण्याआधी एकदा विचारायचं. राहिलं.’

वरून एक तुकडा उचलला, खाली चिकटवला,
दोनदा बिघडवला.
तिसऱ्यांदा व दाबल्यावर खालच्या पट्टीत अक्षरं आली:
खरंच विसरायचं? हो की नाही?

नाही दाबून पाहिलं.
चालतंय.