झोलबा ढोमणे यांस गुण आला

बाटली बारा आणे, टपालहशील निराळं.
आत ओवा, गूळ, कापूर आणि थोडी मोहाची.
मोहाची मी नाकानं ओळखली, मालकांनी सांगितली नाही.
वर चिठ्ठी: संजीवन महाअर्क,
आणि दोन्ही हातांवर हत्ती तोललेला बाप्या,
मिशा विलायती, कारण ठसा कुठल्याशा साबणाचा,
कलकत्त्याच्या लिलावात वजनावर घेतलेला.

मी जुळारी. पराते कोष्टी.
गिरणीचा भोंगा वाजायला लागला, बापाचा माग बसला,
तेव्हा इतवारीत अष्टपुत्र्यांच्या छापखान्यात
धागा सोडून शिसं धरलं.
जग उलटं वाचायची सवय झाली.
घरी बायकोच्या कपाळाची चीरसुद्धा
आधी उजवीकडून वाचायचो.

जाहिरात दर शनिवारी. रोग ठरलेले:
हिवताप, पटकी, बायकांची दुखणी, पायांची आग,
मन न लागणे, झोपेत दचकणे, विंचू.
मालक म्हणत, यादी लांबव रे,
वाचणाऱ्याला आपलं काहीतरी सापडलं पाहिजे.

शक्ती, अशक्त, रक्त, भक्तिपूर्वक:
क्तचा खण दुपारीच रिकामा व्हायचा.
प्रशंसापत्रांपर्यंत पोचेस्तोवर
माझ्यापाशी उरलेला असे झ,
आणि ढ. ढ तर ढिगानं,
नवाकोरा, कोपरे बोटाला लागतील असे.
म्हणून झोलबा. म्हणून ढोमणे.
म्हणून राहणार झरी, मी कुठं पाहिलंय ते गाव.
अकरा वर्षांचा पोटशूळ, दोन बाटल्यांत साफ,
आपला ऋणी, वगैरे.

आश्विनात कुहीहून पत्र आलं.
अक्षर शाळामास्तरचं, बोलणं बाईचं.

*छापणाऱ्या दादाले रामराम.
माह्या झोलबाचं पोट लहानपणापासूनच दुखे.
रेल्वेच्या मातीकामावर गेला
त्याले सहा पावसाळे झाले.
तुम्ही बरा केला, मोठं पुण्य केलं.
आता औषध नोका धाडू. त्यालेच धाडा.
गाडीभाड्याची आठ आण्याची तिकिटं सोबत लावतो.*

मालकांनी तिकिटं सोडवून गल्ल्यात टाकली.
म्हणाले, एक बाटली पाठव तिला, फुकट.
पुढं उपयोगी पडेल.

मी ढोमण्याला शोधायला गेलो.
फर्मा आदल्या रात्रीच सोडला होता.
झ गेला झच्या घरात, ढ ढच्या,
काना गेला शेकडो कान्यांत.
मूठभर ढ हातात घेऊन दिव्यापाशी धरले.
कोणावरही शाई राहिली नव्हती.

त्या शनिवारी
अगदी बारीक टायपात, तळाला,
*नक्कल मालापासून सावध* याच्याही खाली
दीड ओळ बसवली:
झो., आई कुहीस आहे. वाट पाहते. ये.
जागेसाठी वरचा एक रोग काढावा लागला.

पंधरवड्यात तीन पत्रं.
एक बालाघाटकडच्या लाकूडठेक्यावरून:
माझं नाव झिंगर. आई कुहीची नव्हे,
आणि वारली असं मला सांगितलं होतं.
आहे का?
दुसरं कामठीच्या पलटणीतल्या मोतद्दाराचं:
झो हा छापण्यात चुकला असावा, तिथं सो पाहिजे,
मी सोनबा, रजा मिळाली की निघतो,
तिला सांगा दार लावू नको.
तिसऱ्यात नाव नव्हतंच.
बारा आणे, कागदात गुंडाळलेले,
आणि पत्ता: रायपूर लाइन, गँग नंबर सात.

त्या पत्रांना काय लिहायचं ते सुचेना.
बालाघाटचं अजून खिशात आहे, घडीवर फाटलंय.
रायपूरला मी बाटली पाठवली,
दोनदा कागद गुंडाळून, फुटू नये म्हणून.

मालक अंक चाळत होते.
चष्मा वर सरकवून म्हणाले,
परात्या, विंचू कुठं गेला?

म्हटलं, खिळे कमी पडले.