दीड तास वजा

रुवीत, चौथ्या मजल्यावर, खालच्या लाँड्रीची वाफ
एसीच्या फटीतून आत येते तिथे बसून
मी मुश्ताक परकारची फाइल उघडते.
दोन हजार अकराची. सहाशे चाळीस ओळी.
अगदी वर, लेखकाच्या रकान्यात : मु. परकार, हर्णै.

त्याला मी पाहिलेलं नाही. कंपनीत
त्याला पाहिलेलं आता कुणीच उरलेलं नाही.
उरलंय हे प्लगइन, मत्राच्या खलफानशेठच्या साइटवर.
बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग, त्यांचे भाव,
आणि कोपऱ्यात, पुढची भरती किती वाजता.
होस्टिंगवाल्यांनी कळवलंय, महिनाअखेर
जुनं पीएचपी बंद. पुढे तुमचं तुम्ही.

नव्या आवृत्तीवर चढवलं. पांढरं पान.
काय दुखतंय तेही सांगेना.

मग एकेक ओळ, बांगड्यातले काटे काढावेत तशी.
पूर्वी कुरकुरत का होईना, खपून जायचं.
अवतरणचिन्हांशिवाय नाव लिहिलं
तर यंत्र म्हणायचं, असेल बुवा याच नावाचं कुणी, येऊ दे आत.
आता विचारतं, कोण? आणि दारातच बसतं.
काहीच नसलेलं मोजायला दिलं तर शून्य सांगायचं,
आता मोजायलाच नकार.

मी चिन्हं लावत जाते.
भरती. ओहोटी. उधाण. भांग.
हीच नावं दिली होती त्याने, रोमन लिपीत,
भांगला एक ए जास्त.
बिजॉय खुर्ची सरकवून बघतो, म्हणतो,
बदल सगळी, पुढच्याला कळणार नाहीत.
पुढची सध्या मीच आहे. मला कळतात.

एका ठिकाणी लिहिलंय, गुरुवारी बंद.
तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची.
मग गुरुवार गेला, शनिवार आला,
या फाइलला कुणी कळवलं नाही.
इतकी वर्षं शेठचं दुकान दर गुरुवारी
उघडं असून बंद दिसतंय.
गिऱ्हाइकं फोन करून येतात म्हणे.

चारशे बाराव्या ओळीवर त्याची टीप :
इथे दीड तास वजा. का ते विचारू नका, चालतंय.

नाही विचारलं. ठेवलं तसंच, पान उभं राहिलं,
आम्ही खाली जाऊन करक चहा प्यायलो.
दुसऱ्या दिवशी खलफानशेठ फोनवर, शांतपणे :
पाणी उतरायला लागलंय, मुली,
आणि तुझं पान म्हणतंय, अजून चढतंय.
माझी पोरं धक्क्यावर हसताहेत.

तेव्हा कुठे उमगलं.
त्याचा सर्व्हर भारतातल्या घड्याळावर होता.
प्रत्येक क्षण तिकडून उचलायचा,
दीड तास काढून टाकायचा, मग इथे मांडायचा.
नव्या प्लॅटफॉर्मला ठिकाण सांगितलं
की तो वेळ थेट तिथलीच देतो.
वजा करायला मागे काही शिल्लकच नाही.

मी हा हिशोब तोंडी करते, रोज.
इथे आठ म्हणजे आईचे साडेनऊ,
म्हणजे गोळी घेऊन झाली असेल, म्हणजे आता नको.

ओळ निवडली. बराच वेळ निळी ठेवली.
पुसली.
बदलांच्या यादीत ती लाल रंगात दिसते अजून,
अलीकडे उणेचं चिन्ह.

संध्याकाळी शेठचा निरोप, फक्त एक फोटो :
धक्क्याच्या खालच्या तीन पायऱ्या पाण्यात.

आवृत्तीचा आकडा वाढवला. गुरुवार उघडला.
लेखकाच्या रकान्यात त्याचं नाव राहू दिलं,
स्वल्पविराम देऊन माझं लिहिलं, संज्योत मयेकर,
आणि पुन्हा एक स्वल्पविराम, गावासाठी.
रुवी लिहिलं. खोडलं.
मालवण लिहिलं, तिथे आता फक्त कुलूप आहे.
लाँड्रीवाल्याने शटर ओढलं.
स्वल्पविराम तसाच ठेवून
फाइल चढवली.
चालतंय.