नऊ इंचांची जागा

एप्रिलच्या शेवटी व्हर्लिनमामा
थर्मामीटर दोरीला बांधून ओढ्यात सोडतो,
आजारी पोराचा ताप बघावा तसा.
"साठ," म्हणतो,
आणि गळ पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवतो.
साठावर नर खडीत उतरतात.

मी बुटक्या पुलावर बस थांबवते.
"मिस अर्लीन, उशीर होतोय!" पोरं मागून ओरडतात.
खाली मांडीभर पाण्यात
एक तपकिरी बास शेपटीनं अंगण झाडतोय,
ताटाएवढं, मग परातीएवढं.
गाळ उडतो, गोटे उजळतात.
मादी येते, अंडी घालते, खोल पाण्याकडे निघून जाते.
तो राहतो.
खाणं जवळजवळ सोडलेलं,
डोळ्यांत तेल घालून, म्हणावं तर
पाण्यात तेल कुठलं.
परकी सावली आली की चावतो,
भुकेनं नाही, रागानं.

कोल्बी प्रॅटरला हे ठाऊक आहे,
म्हणून तो याच दिवसांत येतो.
एक फोटो, दोन मिनिटं.
तेवढ्यात सनफिश आत शिरतात,
गाबोळी फस्त.
"पण सोडला की मी त्याला," कोल्बी म्हणतो.
खरंच सोडला होता. मी पाहिलं.

त्या वर्षी मात्र कोल्बीची गरज पडली नाही.
रात्री नऊला मोजपट्टीवर चार फूट,
पहाटे एकोणीस.
वरच्या अंगाची ओकची झाडं तोडून कुरणं केली,
तेव्हापासून पाणी चालत येत नाही.
पूल दिसेना. प्रोपेनची एक टाकी
फुसफुसत, गोल गोल फिरत गेली,
मागून कुणाचा तरी ट्रॅम्पोलिन.
मामा म्हणाला, वाहून गेली ती एकदाची गेली.
गाळ बसतो तिथं अंडी
जागच्या जागी गुदमरतात.
नर जागा कधी सोडतो
ते कुणाला दिसलं नाही.
पाणी तपकिरी होतं, आणि तोही.

जूनमध्ये दोघा-तिघांनी पुन्हा झाडायला घेतलं.
जूनमध्ये पुन्हा पाऊस.

या गोष्टीला तीन वर्षं झाली.
मामाची वही पडवीतल्या खिळ्याला टांगलेली असते,
माशाची लांबी, तारीख, कुठला डोह.
परवा त्यानं ती माझ्यापुढे धरली:
पाच इंची, सहा इंची, रग्गड.
चौदा, पंधरा, सोळा,
ओठांवर जुन्या गळांचे वण असलेले म्हातारे.
"आणि नऊ इंची?"
"नाहीत."
आधी त्याला वाटलं, पट्टीच चुकतेय.
दुसरी पट्टी आणली.

मी काही बोलले नाही.
वळणावर सात ट्रेलर होते.
आता तिथं हातभर रेती आहे, एक पत्रपेटी,
आणि सिकामोरच्या फांदीत, माणसाला पोचणार नाही इतक्या उंचीवर,
एक खुर्ची.
प्रुएट मंडळी जॉप्लिनला गेली, बाकीची कुठे कुठे.
प्रुएटांची धाकटी रोज बूट उलटसुलट घालून यायची,
आणि पायरीवर बसून
मी सांगितल्याशिवाय बदलायची नाही.
ती आता कुठल्या तरी शाळेत तिसरीत असेल.
आमच्या तिसरीत नऊ बाकं, चार पोरं.
वळण आलं की मी अजून वेग कमी करते.
हात दाराच्या दांड्याकडे जातो,
मग परत.

आज पुन्हा साठ.
पुलाच्या खालच्या अंगाला, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला
पांढरं वर्तुळ आहे एक,
मागच्या वेळेपेक्षा काठाच्या थोडं जवळ.
मामा सांगतो, ते काही शहाणपण नव्हे,
खडीच तिकडे सरकलीय.

पडवीत गळ भिंतीला टेकलेला.
रेडिओ गुरुवारपासून पाऊस सांगतोय,
किती इंच तेही सांगतोय.
मामा रेडिओ बंद करत नाही,
आवाज तेवढा कमी करतो.