बॅटरी

सकाळी सात वाजता नाक्यावर
सही करून ताब्यात घेतली:
वायरलेसची बॅटरी, साडेनऊ किलो,
गोणपाटात गुंडाळलेली, निजलेल्या पोरासारखी.
"कुटीवर पोचवा," साहेब म्हणाले
आणि बशीत चहा ओतला.

मी दर्यापूरकडची. सपाट, काळ्या, चिकट मातीची.
आमच्याकडे सगळ्यात उंच काय,
तर जिनातला कापसाचा ढीग;
त्यावर चढलं की मुनीम ओरडायचा.
चढ काय असतो
हे पायांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे सुखलाल भिलावेकर, खांद्यावर कुऱ्हाड,
प्लास्टिकची चप्पल, एक पट्टा तारेनं आवळलेला.
मागे मी. सरकारी बूट, नवे, चावरे.
नाल्याकाठच्या गवतावर मीठ सांडलं होतं.
बोट लावलं, तर पाणी.
"दहिवर गोठलं," तो म्हणाला, वळून न बघता.

सागाची पानं पापडासारखी मोडत होती.
ऐनाच्या सालीला भेगा,
मे महिन्यातल्या आमच्या वावरासारख्या;
पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं
म्हणून हात लावून घेतला.
धावडे मात्र नुकतेच नाहून उभे, पांढरे, परके.

"किती राहिलं?"
"हे काय, अथीच त हाये."

एक टेकडी. तिच्यामागे तिची थोरली बहीण.
"किती?"
"अथीच."
"द्या ते ओझं इकडं, म्याडम."
"नको. माझी सही आहे."
तो हसला नाही. मान हलवली, जशी
पोरानं हट्टानं भरलेला हंडा उचलला की
माणसं हलवतात.

मग बांबूच्या बेटापाशी तो एकदम बसला.
वाटेत गवा.
एवढा काळा की त्याच्याभोवतीचं ऊन
मळकं वाटत होतं. चारी पाय पांढरे.
"त्याची वाट हाये. जाईल."
मी उभी होते तशीच राहिले.
पट्टा खांद्यात रुतत होता, आणि
बोटभरही सरकवायची सोय नव्हती.
एक पान पडलं. त्याचा केवढा आवाज.
गव्यानं आमच्याकडे पाहिलं,
आमच्यापलीकडे पाहिलं,
आणि काही ठरवून न ठरवल्यासारखा
उताराला लागला.

त्यानंतर मी न बोलता गोणपाट खाली ठेवलं.
सुखलालनं न बोलता दुपट्ट्याची चुंबळ केली,
डोक्यावर घेतलं, आणि चढला,
हात मोकळे सोडून, वाटेत दोन आवळे तोडत.
एक मला दिला.
तोंड आंबट, मग तुरट; वरून पाणी प्यायले
तेव्हा कुठे गोड.

कुटीचं पत्र्याचं छप्पर दिसलं.
सलईच्या झाडाखाली तो थांबला,
बॅटरी उतरवली, माझ्या हातात दिली.
"घ्या. सही तुमची हाये."
शेवटची वीस पावलं
मी तिला दोन्ही हातांनी छातीशी धरून चालले.
एवढं जड मी त्या दिवशी काही उचललं नव्हतं.

कुटीत मुन्शी आणि एक मांजर.
अकरा दिवस संच मुका.
त्यानं आधी चूल पेटवली, मग तारा जोडल्या,
मग शर्टाची वरची गुंडी लावली.
खरखर. शिट्टी. आणि एकदम साहेब,
शेजारच्या खोलीतून बोलावं इतके स्वच्छ:
"कुटी, कुटी, बॅटरी पोचली का?"

मुन्शीनं बटण दाबलं.
"ऐकू नाही आलं, साहेब. पुन्हा बोला."
साहेब पुन्हा बोलले.
"तुटून राह्यलं, साहेब. पुन्हा."

मी तोंड उघडलं.
सुखलालनं चुलीतलं लाकूड आत सारलं
आणि माझ्याकडे बघून
हळूच मान हलवली.
बाहेर थंडी उतरत होती.
साहेब तिसऱ्यांदा सांगत होते.